फायबर, आठ महिने: पिंगला तोड नाही, पण खांबावरचा जॉइंट तपासा

फोंड्यात १०० एमबीपीएसचा प्लॅन, व्हॅलोरंट या ऑनलाइन गेमच्या मुंबई सर्व्हरला लॅन केबलवर पिंग (सिग्नल जाऊन परत यायला लागणारा वेळ) २० ते २४ मिलिसेकंद. मे अखेरपर्यंत मत एकच: डोळे मिटून घ्या.

पाऊस लागला आणि पॅकेट लॉस, म्हणजे डेटाचे तुकडे वाटेत हरवणं, सुरू झाला. स्पीड टेस्ट तशीच, यूट्यूब सुरळीत, गेममध्ये मात्र समोरचा खेळाडू इथून गायब होऊन तिथे उगवतो. व्हिडिओ हरवलेलं पॅकेट परत मागवतो, शिवाय पुढचा भाग आधीच भरून ठेवतो. गेमचं यूडीपी (परत न मागवण्याच्या पद्धतीचं) पॅकेट गेलं की गेलं. त्यामुळे ‘स्पीड तर पूर्ण येतोय’ हे कस्टमर केअरचं उत्तर मुळीच ऐकून घेऊ नका. २०० एमबीपीएसचा प्लॅन घ्या म्हणतील, तोही नको; पैसे फुकट जातील.

वायफाय बाजूला ठेवून केबल लावा. राउटरला २०० पिंग मारा, मग ट्रेसर्टमध्ये (डेटाची वाट दाखवणारी कमांड) त्याच्या पुढच्या हॉपला, म्हणजे टप्प्याला, २००. राउटरपर्यंत लॉस शून्य, पुढे आणि थेट गेमपर्यंत ३-४ टक्के, म्हणजे दोष घराबाहेर. आता राउटरच्या सेटिंगच्या पानावर आरएक्स पॉवर, म्हणजे फायबरमधून पोचणारा उजेड, बघा; उणे आकडा जितका मोठा तितका उजेड कमी. मेमध्ये -२० डीबीएम होती, जूनमध्ये -२७.५. जीपॉन या घरगुती फायबरच्या पद्धतीच्या नेहमीच्या उपकरणाची हद्द -२७ च्या आसपास. साडेसात डीबी उतरले म्हणजे उजेडाचा पाचवा हिस्साही पोचत नव्हता.

मूळ निघालं खांबावरच्या डब्यात. घाईत लावलेला हिरवा फास्ट कनेक्टर: त्यात फायबर वितळवून जोडलेली नसते, नुसती दाबून धरलेली असते. माडाचं चुडत केबलवर पडलं, फायबर केसभर मागे सरकली, वरून केबलच्या वाटेने पाणी आत. दोन तक्रारींना माणूस आला आणि राउटर रिसेट करून गेला! तिसऱ्या वेळी उजेड मोजणारा पॉवर मीटर आणि स्प्लाइस (फायबर वितळवून जोडणारं) मशीन आणल्याशिवाय तक्रार बंद करू दिली नाही. स्प्लाइस झाल्यावर -२०.८, लॉस शून्य.

जोडणी करताना डब्याखाली केबलचा हातभर झोळ सोडायला लावाच, पाणी तिथूनच गळून जातं.

घरात कोणी फोटो अपलोड करू लागलं की पिंग दीडशेवर जातो, तो वेगळा आजार. राउटरमध्ये एसक्यूएम (डेटाची रांग आवरणारी सोय) असेल तर अपलोड ९० टक्क्यांवर बांधा.

प्लॅन वाढवण्यापेक्षा राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या. अ‍ॅडॉप्टरवरचे अँपिअर जुळवून घ्या. आणि पावसात दर आठवड्याला आरएक्स बघा. -२५ दिसताच तक्रार टाका, राउटरवरच्या लाल दिव्याची वाट बघू नका.