बेळगावच्या वडगावात सेप्टिक टँक उपसणारी गाडी: चार स्टार

आमच्या बाजूला अजून ड्रेनेजची लाइन आलेली नाही, सगळी भिस्त सेप्टिक टँकवर. यंदा टाकी उपसायला पंपवाली खासगी गाडी बोलावली. तासाभरात टाकी मोकळी. 2,500 रुपये ठरले होते, तेवढेच घेतले.

मला सगळ्यात पटलं ते म्हणजे कुणी आत उतरलं नाही. तळाचा गाळ घट्ट बसला होता. ड्रायव्हर म्हणाला, "माणूस आत सोडणार नाही ओ काकू. पाणी मारून गाळ सैल करतो, वेळ लागू दे." टाकीत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साठतो. तो फार वाढला की नाकाला वाससुद्धा येईनासा होतो आणि माणूस जागच्या जागी कोसळतो. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवायला 2013 च्या कायद्यानं बंदी आहे. गटारात जीव गेला तर 30 लाख भरपाई द्या, असं सुप्रीम कोर्टानं 2023 साली सांगितलंय. तरी चार पैसे वाचतात म्हणून माणसं उतरवतात, याचा मला संताप येतो.

गाडीवरच्या मदतनीस पोराच्या हातात मोजे होते, तोंडाला मास्क मात्र नव्हता. तो द्यायलाच पाहिजे. शिवाय गाडी मोठी, बोळात शिरत नाही. आमच्या मागच्या बोळात घरं लहान, टाक्या लहान, म्हणून लवकर भरतात. तिथं पाइप पुरत नाही, जादा पाइपाचे पैसे वेगळे. म्हणजे ज्याची ऐपत कमी, त्यालाच खर्च जास्त. एक लहान गाडी घ्याच, असं मी मालकाला बजावलंय.

एक स्टार कापला तो मैल्यासाठी. "कुठं ओतता?" विचारलं तर "प्लांटवर" म्हणाले, पावती काही दाखवली नाही. बळ्ळारी नाल्याला पूर आला की घाण पाणी भातात शिरतं, आमचंही शिवार त्याच अंगाला आहे, त्यामुळं नुसत्या शब्दावर माझं समाधान होत नाही. बेंगळूरुजवळ देवनहळ्ळीला 2015 पासून टाक्यांतला मैला वाळवतात, गावच्या ओल्या कचऱ्यात कुजवून त्याचं खत करतात. आपल्या शहापूर-वडगावच्या भाताला तसं खत का मिळू नये?

टाकी साधारण तीन वर्षांनी उपसावी. बोलवायचं तर मृगाच्या आधी बोलवा. पाऊस लागला की वाटेत चिखल, गाडी दारापर्यंत येत नाही. आणि पावती आधीच मागा.