खुब्याच्या ऑपरेशननंतरचे एक्स-रे आणि सीटी: तीन फेऱ्यांचा अनुभव, चार स्टार

तिरक्या एक्स-रेला 45 अंश म्हणजे 45 अंश. तीस नाही, ‘थोडं तिरकं झोपा काका’ नाही. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत 26 वर्षं क्वालिटी तपासणीत काढली म्हणून असेल, पण या एक्स-रे-सीटी सेंटरच्या टेक्निशियनने कपाटातून फोमचा त्रिकोणी ठोकळा काढून माझ्या कमरेखाली सरकवला तेव्हाच माझं निम्मं समाधान झालं. ठोकळ्यावर स्केचपेनने 45 लिहिलेलं होतं.

आधी थोडी हकिगत. जानेवारीच्या शेवटी मोहदरी घाटात आमची गाडी पुढच्या ट्रकवर गेली. मी ड्रायव्हरशेजारी. गुडघा डॅशबोर्डवर आपटला. गुडघ्याला नुसतं खरचटलं, पण मांडीच्या हाडाचा गोळा मागच्या बाजूने खुब्याच्या वाटीतून निसटला आणि निसटताना वाटीची मागची कड फोडून गेला. समोरून धडक बसली की ही इजा नेहमीची, असं डॉक्टर म्हणाले. गोळा त्याच रात्री भूल देऊन जागेवर बसवला. चार दिवसांनी मागून चिरून प्लेट आणि सहा स्क्रू.

सेंटरची पहिली फेरी टाक्यांसकट, ऑपरेशननंतर सहाव्या दिवशी, ॲम्ब्युलन्समधून, सीटीसाठी. मुंबई नाक्याचा प्रत्येक खड्डा मी कमरेने मोजलाय. ऑपरेशन टेबलावरचा एक्स-रे चांगला होता, मग आणखी पाच हजार कशाला, असं हिनं डॉक्टरांना तोंडावरच विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, की एक्स-रे म्हणजे सावली. वाटी गोल, तिच्या मागे प्लेट, सगळं एकावर एक पडतं. स्क्रूचं टोक सांध्याच्या बाहेर थांबलंय की आत डोकावतंय, हाडाची एखादी कपची आत अडकलीय का, तुकड्यांमध्ये पायरी किती आणि फट किती राहिली, हे काप काढून पाहिल्याशिवाय खात्रीने कळत नाही. मला ते लगेच पटलं. बोअरच्या, म्हणजे पार्टमधल्या भोकाच्या, आतलं फिनिश बाहेरून टॉर्च मारून पास करणारा इन्स्पेक्टर मी एक दिवस ठेवणार नाही.

पायरी-फटीचं गणितही त्यांनीच सांगितलं. जोएल मॅटा नावाच्या अमेरिकन सर्जनने लावलेली फूटपट्टी आहे: तुकडे 1 मिलिमीटरपर्यंत जुळले तर उत्तम, 2 ते 3 राहिलं तर कमअस्सल, 3 च्या वर वाईट. ती साध्या एक्स-रेवर मोजायची, सीटीत त्याच सांध्यातली पायरी-फट जास्त उघडी पडते. आम्ही 0.02 मिलिमीटरच्या फरकावर अख्खा लॉट परत पाठवतो, त्यामुळे मला 1 मिलिमीटर म्हणजे द्वारका चौकाएवढं मैदानच वाटलं. पण बेअरिंग बदलता येतं, सांध्यातली कूर्चा बदलता येत नाही, हे ऐकून गप्प बसलो.

सीटीच्या कामात इथे खोट काढायला जागा नाही. धातूमुळे चित्रात चांदण्या फुटतात, पांढरे-काळे पट्टे. पहिल्या चित्रात माझ्या प्लेटीभोवती दिवाळीच होती. ऑपरेटरने प्लेट टायटॅनियमची की स्टीलची ते विचारलं (स्टीलची चमक जास्त), आणि मला पुन्हा मशिनमध्ये न घालता त्याच मापनावरून धातूचा त्रास कमी करणारी दुसरी चित्रं बनवली. 1 मिलिमीटरचे काप, शिवाय समोरून आणि बाजूने असे दोन्ही छेद. सगळं सीडीवर. सीडी मागून घ्या, विसरू नका. छापील फिल्मवर वीस-पंचवीस चौकोन असतात, सर्जनला मात्र स्वतः माऊस फिरवून बघायचं असतं.

रिपोर्टमध्ये आलं: पायरी 1 मिलिमीटर, फट 2, स्क्रू सांध्याबाहेर. आणि आलं ‘डावा खुबा’. माझा उजवा. फिल्मवर उजवीकडचं इंग्रजी आर स्पष्ट, टायपिंगमध्ये डावा. मी सवयीने ओळ न ओळ वाचतो म्हणून सापडलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘डॉक्टर बघतील ना काका फिल्म.’ बघतील, पण विम्याचा माणूस फिल्म बघत नाही. चाळीस मिनिटं स्ट्रेचरवर थांबवून रिपोर्ट बदलून दिला. रेडिओलॉजिस्ट मॅडम स्वतः बाहेर आल्या, चूक आमची म्हणाल्या. हे मान्य करणारी माणसं कमी भेटतात, म्हणून अर्धाच गुण कापतो.

दुसरी फेरी मार्चमध्ये, सहा आठवड्यांची. ती खरं तर घराजवळ सिडकोतच उरकली होती, दुसरीकडे. चिठ्ठीवर ‘जुडे व्ह्यू’ असं इंग्रजीत खरडलेलं. मुलाने ते ‘जून’ वाचलं आणि म्हणाला, जूनमध्ये काढायचेत, आत्ता कशाला? तिथल्या पोराला अर्थ कळला की नाही देव जाणे. त्याने माझ्या पाठीखाली उशी दुमडून घातली आणि दोन फोटो काढले. सर्जनने फिल्म उजेडासमोर धरली आणि तशीच पाकिटात परत घातली. ‘हे नीट काढून आणा.’ म्हणजे पैसे गेले आणि किरणंही दोनदा अंगावर घेतली. मग आलो परत या सेंटरला.

जुडे म्हणजे रॉबर्ट जुडे, फ्रेंच सर्जन. त्यांनी, त्यांच्या भावाने आणि एमिल लेतूर्नेल यांनी 1964 साली खुब्याच्या वाटीच्या फ्रॅक्चरचे प्रकार पाडले ते या तिरक्या एक्स-रेंच्या जोरावर. कल्पना आमच्या ड्रॉइंगसारखीच: एका व्ह्यूवरून पार्ट बनत नाही. एक समोरून, मग दुखरी बाजू 45 अंश वर उचलून, मग चांगली बाजू तेवढीच वर उचलून. दुखरी वर असली की वाटीची मागची कड, म्हणजे माझी मोडलेली, कडेने स्वच्छ दिसते. चांगली वर उचलली की मागचा खांब, म्हणजे वाटीला मागून आधार देणारं जाड हाड, दिसतो.

तो शेवटचा व्ह्यू मात्र जीव काढतो, कारण सगळा भार ऑपरेशनच्या बाजूवर येतो आणि टाक्यांचा व्रण नेमका मागे. इथल्या मावशींनी एक हात पाठीला, एक गुडघ्याखाली देऊन ‘दादा, तुम्ही काही करू नका, मी वळवते’ म्हणत लाकूड सरकवावं तसं अख्खं अंग एकदम वळवलं. कंबर एकीकडे, खांदे दुसरीकडे, असं होऊ दिलं नाही. टेक्निशियन काचेमागून बाहेर आला, ठोकळा दोन बोटं सरकवला, परत गेला. एकाच शॉटमध्ये काम. नंतर स्क्रीनवर मला दाखवलंसुद्धा: समोरच्या फोटोत माकडहाडाचं टोक कमरेच्या हाडांच्या समोरच्या मधल्या सांध्याच्या रेषेत आहे का, त्या हाडांतली दोन्हीकडची भोकं सारखी दिसतात का. सारखी नसतील तर पेशंट वाकडा झोपलाय. हे आमचं डेटम, म्हणजे जिथून माप घ्यायचं ती आधाररेषा, तपासणंच झालं. त्याच्या छातीवर किरणं मोजायचा बिल्ला होता तोही पाहून घेतला.

तिसरी फेरी मेमध्ये, पुन्हा तेच तीन व्ह्यू. या वेळी बघायचं होतं ते स्नायूंमध्ये नको तिथे नवीन हाड धरलंय का, आणि गोळा चपटा व्हायला लागलाय का. खुबा निखळला की गोळ्याचा रक्तपुरवठा तुटण्याची भीती असते, आणि ते एक्स-रेवर उशिरा उमटतं. एमआरआयवर लवकर दिसतं, पण प्लेट शेजारीच असल्याने चित्र बिघडतं. अजून तरी गोळा गोल आहे. मार्च आणि मेच्या फिल्म शेजारी लावून सर्जनने बराच वेळ पाहिल्या आणि घरच्या वजनकाट्यावर पाय दाबून 20 किलोपर्यंत भार टाकायला सांगितलं. दोन्ही वेळचा कोन सारखा होता म्हणून तुलना करता आली, हे त्यांचेच शब्द.

आता तक्रारी. बाहेरचा उतार इतका उभा, की व्हीलचेअर वर न्यायला दोन माणसं लागतात. हाडांचे पेशंट ज्याच्या जिवावर चालतात त्याने हा उतार बांधावा, कमाल आहे. लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावत नाही, मला मागच्या दाराने नेलं. साडेदहाची वेळ घेऊन पावणेबाराला नंबर, आणि बसायला नुसती लोखंडी बाकं. खुबा 90 अंशांच्या पुढे वाकवायचा नाही असं बजावलेल्या माणसाने त्या बुटक्या बाकावर बसायचं कसं? मी वॉकर धरून उभाच होतो. घरून जाड उशी न्या.

सकाळी नऊच्या आत गेलात तर गर्दी नसते. आणि जुनी सीडी सोबत ठेवा. मी तिसऱ्या वेळी विसरलो, मुलाला सिडकोला परत पिटाळावं लागलं, तोवर नंबर दोनदा पुकारून गेला.