मालवणच्या खाऱ्या हवेतलं प्लंबिंग

१६६४ साली पायाभरणी झालेल्या सिंधुदुर्ग किल्ल्याला चहूबाजूंनी समुद्र, तरी दूधबाव, दहीबाव, साखरबावेचं पाणी गोडं. किनाऱ्यावरच्या नळांचं नशीब मात्र तसं नाही. जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप, आधी आट्यांपाशी गंजतो, कारण आटे पाडताना तिथला जस्ताचा थर निघून जातो. मालवणच्या बाजारपेठेतलं एक प्लंबिंगचं दुकान म्हणूनच थंड पाण्याला यूपीव्हीसी हा कडक प्लास्टिकचा पाइप, गिझरला गरम पाणी सोसणारा सीपीव्हीसी आणि नळाच्या तोंडाशी पितळी आट्यांचं फिटिंग देतं. पाइप धरणारे क्लॅम्प ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे; ३०४ प्रतीवर इथे लवकर डाग धरतात. सॉल्व्हंट, म्हणजे प्लास्टिकचे पाइप चिकटवायचं द्रावण, लावून जोड अर्धा मिनिट दाबून धरतात, दाबाची चाचणी २४ तासांनी. घाई करणाऱ्यांचे जोड इथेच सुटतात. गच्चीवरच्या पाइपांना रंग मात्र सांगितल्याशिवाय लावत नाहीत, आणि रंग नसेल तर उन्हात यूपीव्हीसी ठिसूळ होतो. चतुर्थीच्या तोंडावर कामाला माणूस मिळेल ही आशा नको.