मुंग्या मानेच्या की मनगटाच्या?

निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईचा अंगठा नि तर्जनी बधिर झाली, की शंका दोन: मानेत दबलेलं सी-६ चेतामूळ (मानेतून हाताकडे निघणाऱ्या सहाव्या नसेचं मूळ) किंवा मनगटाच्या अरुंद बोगद्यात दबलेली मीडियन नस (हातातून बोटांकडे जाणारी एक नस).

मनगटाचं दुखणं रात्री झोपेतून उठवतं, हात झटकला की उतरतं. मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजूही बधिरते, करंगळी सुटते. तळहाताची कातडी सहसा शाबूत राहते, कारण तिच्याकडे जाणारी नसेची फांदी बोगद्याबाहेरून जाते. खूण छोटी, पण फार कामाची. मनगट ६० सेकंद पुढं वाकवून धरा. मुंग्या वाढल्या तर संशय मनगटावर.

मानेचं दुखणं खांद्यावरून हाताच्या बाहेरच्या बाजूनं उतरतं, मान मागे करून त्याच अंगाला वळवली की वाढतं. कोपर वाकवायची ताकदही घटू शकते.

कधी दोन्ही एकदम असतात. मग नुसत्या मानेच्या पट्ट्यानं भागत नाही.