लक्झरी गाडीत साधं पेट्रोल की प्रीमियम? मुंबईत आठ महिने तिन्ही टाकून पाहिल्यावर

गाडी दोन लिटरची टर्बो पेट्रोल जर्मन सेडान, २०२१ ची, बीएस ६, डायरेक्ट इंजेक्शन, ऑटोमॅटिक. काळ ऑक्टोबर ते मे. रोजचा रस्ता बोरिवली ते बीकेसी, महिन्यातून एकदा पुणे. साधं पेट्रोल, ९५ ऑक्टेन आणि १०० ऑक्टेन अशी पाळीपाळीनं वापरली.

निकाल आधीच सांगून टाकतो. साध्या पेट्रोलात आणि ९५ मध्ये या गाडीला फरक कळला नाही. १०० चा फरक घाटात ॲपच्या स्क्रीनवर दिसला, पायाखाली जाणवला नाही. ज्यांच्या गाडीला किमान ९५ किंवा ९८ लागतं त्यांचं गणित वेगळं आहे, ते पुढे येतंच.

सुरुवात पेट्रोलच्या झाकणापासून करा. झाकण उघडलं की आतल्या बाजूला स्टिकर असतो. त्यावर दोन आकडे असू शकतात: एक शिफारस केलेला, दुसरा किमान. या गाडीवर ठळक ९५ आणि खाली बारीक अक्षरांत ‘मिन. ९१’ आहे. भांडण नेहमी ठळक आकड्यावरून होतं, निर्णय मात्र बारीक अक्षरांवर करायचा असतो. किमान आकड्याच्या खाली गेलात तर इंजिनाला धोका. किमान आणि शिफारस यांच्या मध्ये असाल तर इंजिन सांभाळून घेतं, कंपनीनं कागदावर दिलेली ताकद शेवटच्या टोकाला थोडी कमी मिळते, एवढंच.

स्टिकर वाचताना ‘आरओएन’ ही अक्षरं शोधा, ऑक्टेन मोजायची आपल्याकडची पद्धत ती. अमेरिकन व्हिडिओ पाहून पुष्कळ लोक गोंधळतात. तिकडे पंपावर लिहिलेला आकडा आरओएन आणि एमओएन (मोजायची दुसरी पद्धत, तिचा आकडा कमी येतो) यांची सरासरी असतो. त्यामुळे तिकडचं ९१ म्हणजे आपल्याकडचं साधारण ९५ ते ९६, आणि तिकडचं साधं ८७ म्हणजे आपलं ९१ ते ९२. ‘माझ्या मॉडेलला तिकडे ९१ प्रीमियम सांगतात, म्हणजे इथलं साधं ९१ चालेल’ हा हिशेब सरळ चुकीचा आहे.

आता ऑक्टेन म्हणजे काय, थोडक्यात. पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबलं गेल्यावर ठिणगी पडण्याआधी किंवा ज्योत पोचण्याआधी स्वतःहून पेटू नये, यासाठीची सहनशक्ती. ज्योत पोचण्याआधी असं पेटण्याला नॉकिंग म्हणतात. त्यात ऊर्जा जास्त असते असं नाही. १०० ऑक्टेन टाकल्यावर गाडी ‘उडते’ असं सांगणाऱ्यांनी त्याच दिवशी टायरमधली हवाही भरून घेतलेली असते.

टर्बो इंजिनात सिलिंडर ब्लॉकवर नॉक सेन्सर बसवलेला असतो. अवेळी पेटल्याची कंपनं त्याला लागली की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठिणगी काही अंश उशिरा पाडतो. टायमिंग मागे गेलं की ताकद थोडी घटते आणि एक्झॉस्टचं तापमान वाढतं. म्हणून आधुनिक गाडीत कमी ऑक्टेनचं पेट्रोल टाकल्याबरोबर इंजिन फुटत नाही. फक्त सेन्सर हा सुरक्षेचा पट्टा आहे, रोज त्याच्यावर लोंबकळायचं नसतं.

इथपर्यंत सगळं जुन्या हिशेबानं बरोबर. पण हिशेबच बदलला आहे. बीएस ६ च्या साध्या पेट्रोलचं किमान ऑक्टेन ९१ होतं. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०८ च्या आसपास असतं, त्यामुळे २० टक्के मिश्रण झाल्यावर साध्याचंही ऑक्टेन वर चढलं. ई २० मुळे, म्हणजे या २० टक्के मिश्रणामुळे, ते ९५ पर्यंत गेल्याचं पेट्रोलियम मंत्रालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. शिवाय इथेनॉल बाष्प होताना बरीच उष्णता शोषतं. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जात असल्यानं आतली हवा थंड होते आणि नॉकिंग आणखी मागे जातं. म्हणजे ज्या इथेनॉलला सगळे शिव्या घालतात, ते टर्बो इंजिनाच्या नॉकिंगपुरतं उपकारकच आहे.

मग ९५ च्या नोझलला जास्त पैसे कशाचे? दोन गोष्टींचे. एक, नोझलवर आणि बिलावर छापलेला आकडा, म्हणजे लेखी हमी. साध्याच्या नोझलवर बहुतेक पंपांवर ऑक्टेनचा आकडा नसतोच. दुसरी, साफसफाईचं ॲडिटिव्ह. ज्या गाडीच्या झाकणात ‘मिन. ९५’ लिहिलंय तिच्यासाठी लेखी हमीला किंमत आहे, तिथे घासाघीस करू नका. ‘मिन. ९१’ वाल्यांना ती हमी लागतच नाही, उरलं ॲडिटिव्ह.

त्या ॲडिटिव्हबद्दल जाहिरातीत जे सांगत नाहीत ते असं. जुन्या पोर्ट इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर फवारलं जायचं, त्यामुळे डिटर्जंट व्हॉल्व्ह धुवायचं. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल व्हॉल्व्हला शिवतही नाही. क्रँककेसमधून येणारी तेलाची वाफ व्हॉल्व्हवर बसते, भाजते, काळा थर होतो. वर्षानुवर्षं प्रीमियम टाकलं तरी तो थर निघत नाही. तो निघतो मॅनिफोल्ड उतरवून, अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबानं मारून. डिटर्जंटचा फायदा होतो तो इंजेक्टरच्या टोकाला. ती छिद्रं केसासारखी बारीक, सतत ज्वालेच्या तोंडाशी. तिथे थर बसला की फवारा वाकडा होतो, थंड इंजिन सुरू होताना क्षणभर अडखळतं. एवढ्या कामासाठी चार-पाच टाक्यांमागे एक टाकी ॲडिटिव्हवाली, ही माझ्या मते पुरेशी मात्रा.

चाचणी कशी केली ते लिहितो, कारण ‘टाकलं आणि पिकअप वाढला’ या प्रकाराला काही अर्थ नाही. एकच पंप, एकच बाजू. पहिल्या ऑटो-कटला थांबायचं, गळ्यापर्यंत भरायचं नाही. ट्रिप मीटर शून्य. पेट्रोल बदललं की पहिली टाकी नोंदीत धरायची नाही. तळाला १० लिटर ९५ उरलं असेल आणि वर ४० लिटर १०० टाकलं तर टाकीत ९९ झालेलं असतं, शिवाय ईसीयूला नव्या पेट्रोलशी जुळवून घ्यायला काही फेऱ्या लागतात. दुसऱ्या टाकीपासून मोजायचं.

टायमिंग बघायला स्टीअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीच्या संगणकातली माहिती इथून वाचता येते) ब्लूटूथ डोंगल लावला. साध्या ॲपमध्ये टायमिंग ॲडव्हान्स आणि इनटेक हवेचं तापमान दिसतं, पण प्रत्येक सिलिंडरला नॉकमुळे किती माघार घ्यावी लागली ते दिसत नाही. त्यासाठी त्या त्या ब्रँडचं खास ॲप लागतं. एकच चढण, गिअर हातानं तिसरा, २००० ते ४००० आरपीएम, पाय पूर्ण दाबून. खोपोलीनंतरचा खंडाळ्याचा चढ याला उत्तम, मागे कोणी नसेल तेव्हाच.

घाटात मे महिन्यातल्या दुपारी, चार माणसं आणि एसी चालू असताना, साध्यावर आणि ९५ वर एखाद-दुसऱ्या सिलिंडरला एक-दोन अंशांची माघार दिसली. दोघांत वेगळेपण सांगता येणार नाही इतपत. १०० वर ती शून्याजवळ गेली. तेवढ्यानं गाडी पळाली का? नाही. डिसेंबरात, सकाळच्या गारव्यात तिन्ही सारखी.

शहरात तर प्रश्नच मिटतो. वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर अंधेरीच्या आसपास गाडी रांगते तेव्हा इंजिनावर भारच नसतो, आणि भार नसताना नॉकिंग होत नाही. ॲव्हरेज साध्यावर कधी आठ, कधी नऊ. ९५ वरही तेच. एका गणपतीच्या आठवड्यातला ट्रॅफिक ॲव्हरेजमध्ये जेवढा फरक पाडेल तेवढा कुठलंच पेट्रोल पाडत नाही. एकच सावधगिरी: बराच वेळ रांगल्यावर बॉनेटखाली उष्णता साठलेली असते, इनटेकची हवा तापलेली असते. तेव्हा एकदम फ्लायओव्हरच्या चढावर इको मोडमध्ये, १५०० आरपीएमला पाय दाबायचा नाही. गिअरबॉक्सला खाली येऊ द्या किंवा स्पोर्टमध्ये टाका. कमी आरपीएम आणि जास्त भार या जोडीवर टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात ठिणगीच्याही आधी मिश्रण पेटू शकतं, तो फटका नॉकिंगपेक्षा दांडगा असतो आणि पिस्टनची कड तोडू शकतो. त्यावर महाग पेट्रोलपेक्षा योग्य इंजिन ऑइल जास्त उपयोगी. कंपनीनं मॅन्युअलमध्ये दिलेलं स्पेसिफिकेशन आधी पाहा. त्यात एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) ग्रेडला मुभा असेल तर एसपी ग्रेडचं घ्या.

पैशाचं बोलू. २०२५ मध्ये मुंबईत साधं लिटरला १०३ रुपये ५० पैशांच्या आसपास होतं. ९५ चा फरक हिशेबासाठी ८ रुपये धरा. म्हणजे साधारण पावणेआठ टक्के महाग. वसूल व्हायला ॲव्हरेज १० चं १०.८ व्हायला हवं. होत नाही. महिन्याला १००० किलोमीटर आणि १० चं ॲव्हरेज धरलं तर वर्षाला ९,६०० रुपये. १०० ऑक्टेनचा भाव साध्याच्या दीडपटीच्या घरात असतो, तिथे वसुलीची भाषाच नको.

‘मग प्रीमियम टाकलं की इथेनॉलपासून तरी सुटका’ असं समजून ९५ घेणारे बरेच आहेत. ९५ मध्येही इथेनॉल असतंच. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई २० मध्ये लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी, ई १० च्या तुलनेत तीनेक टक्के. ॲव्हरेज पडल्याची तक्रार खरी आहे, पण ती ऑक्टेन वाढवून भरून निघत नाही. जुन्या गाडीच्या झाकणात ‘ई १०’ असेल तर रबरी होज आणि सील सर्व्हिसला मुद्दाम तपासायला सांगा, आणि वॉरंटीबद्दल डीलरकडून लेखी घ्या. तोंडी ‘चालतं हो साहेब’ याला काही किंमत नाही.

ओबीडीवर लाँग टर्म फ्युएल ट्रिमही पाहत जा, म्हणजे ईसीयू पेट्रोलची मात्रा किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा. इथेनॉल वाढलं की ट्रिम थोडी अधिककडे सरकते, ते साहजिक आहे. ती कायम दहा टक्क्यांच्या वर राहिली किंवा मिश्रणात पेट्रोल कमी पडल्याचा पी०१७१ कोड आला तर पेट्रोलला दोष देऊन मोकळं होऊ नका. हवेची गळती, एअरफ्लो सेन्सर, पेट्रोलचा दाब, या क्रमानं तपासून घ्या.

मर्सिडीज-एएमजी, बीएमडब्ल्यू एम किंवा पोर्शेसारख्या गाड्यांना ९८ ची शिफारस असते. त्यांनी पूर्ण टाकी १०० भरायची गरज नाही. तीन भाग १०० आणि दोन भाग ९५ टाकलं की ९८ च्या जवळ पोचतं: ५० लिटरला ३० आणि २०. हे मिश्रण गाडीला कळत नाही, खिशाला कळतं. एका पंपावर दोन्ही नोझल असतील तरच सोपं. इंडियन ऑइलच्या मोजक्या पंपांवर एक्सपी९५ आणि एक्सपी१०० शेजारी सापडतात. उलट, कॉम्प्रेशनचा (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं त्याचा) आकडा मोठा दिसला म्हणून घाबरू नका: लेक्सस ईएसच्या अडीच लिटर हायब्रिडचं कॉम्प्रेशन १४:१ आहे, पण अ‍ॅटकिन्सन सायकलमुळे (इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो) प्रत्यक्ष दाब त्याहून बराच कमी पडतो. कॉम्प्रेशनवरून अंदाज बांधू नका, झाकण वाचा.

ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्या घेऊ नका. मँगनीज असलेल्या बाटल्यांनी स्पार्क प्लगवर तांबूस थर बसतो, आणि प्लग चुकायला लागला की पुन्हा दोष पेट्रोललाच.

पंपावरचं राहिलं. महाग गाडी दिसली की न विचारता प्रीमियमचं नोझल उचलण्याची सवय सर्रास आहे. खाली उतरा, ‘साधं’ किंवा ‘पंच्याण्णव’ असं स्पष्ट सांगा, शून्याबरोबर मशीनवर लिटरचा दरही पाहा. कुठलं पेट्रोल येतंय ते दरच सांगतो. बिल छापून घ्या, त्यावर पेट्रोलचं नाव येतं. शंका आली तर फिल्टर पेपरची चाचणी, पाच लिटरच्या मापानं मोजणी आणि डेन्सिटी तपासणी मागायचा ग्राहकाला हक्क आहे. डेन्सिटी पंपाच्या नोंदीपेक्षा ३ पेक्षा जास्त अंकांनी वर-खाली असेल तर तिथून भरू नका. पाऊस सुरू झाल्यावर, आसपास पाणी तुंबून नुकतंच ओसरलेल्या पंपावर दोन दिवस तरी जाऊ नका. इथेनॉल पाणी ओढतं, जमिनीखालच्या टाकीत पाणी शिरलं असेल तर ते पाणी-इथेनॉल तळाला वेगळं होतं आणि तेच तुमच्या टाकीत येतं. त्यावर ९५ काय नि १०० काय. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी जवळपास भरून ठेवा, रिकाम्या जागेत दमट हवा कमी राहते.

सध्या या गाडीत चार टाक्या साधं, पाचवी ९५.