पहिला पॅच कुठे पाठवू: जीटीके की क्यूट?

डेस्कटॉपवरच्या खिडक्या, बटणं, मेनू काढणारी ही दोन मोठी मुक्त टूलकिट. जीटीके 4 आणि क्यूट 6 दोन्ही डिसेंबर 2020 मध्येच, साधारण आठवड्याच्या अंतराने आली. पण बाहेरच्या माणसाचा कोड, म्हणजे पॅच, आत घ्यायची दोघांची रीत अगदी वेगळी.

आधी भाषेचं बघू. जीटीके सी मध्ये आहे, म्हणून "सी तर कॉलेजात झालीय" असं म्हणून उडी मारू नका. इथलं सी जीऑब्जेक्टवर, म्हणजे सी मध्ये ऑब्जेक्ट बनवायच्या लायब्ररीवर, उभं आहे: क्लास, सिग्नल, संदर्भांची मोजणी, सगळं हाताने. क्यूट सी++ मध्ये आहे. ते येत असेल तर कोड वाचायला तुलनेने सोपा जातो.

पाठवण्याची पद्धत मात्र जीटीकेची सोपी. ग्नोम या डेस्कटॉप प्रकल्पाच्या गिटलॅबवर (कोड ठेवायची जागा) फोर्क, म्हणजे स्वतःची प्रत, करायचा, ब्रँच काढायची, मर्ज रिक्वेस्ट, म्हणजे बदल आत घ्यायची विनंती, टाकायची. गिटहब वापरलेल्याला तासाभरात जमेल. मोठा बदल असेल तर आधी इश्यू (चर्चेची नोंद) उघडून विचारा, नाहीतर आठवडाभराची मेहनत पाण्यात. शैलीबाबत डोळ्यांत तेल घाला: फंक्शनचं नाव आणि त्यापुढचा कंस यांच्यात एक मोकळी जागा लागते. इतर बहुतेक प्रकल्पांत ती नसते, त्यामुळे बोटं सवयीने चुकतात.

क्यूटचं काम गेरिट या कोड तपासायच्या साधनावर चालतं आणि नवखा अडकतो तो इथेच. पुनरावलोकनात दुरुस्ती सुचवली की आपण सवयीने दुसरा कमिट (बदलाची नोंद) करतो. गेरिट त्याला वेगळाच बदल समजतं. इथे तोच कमिट सुधारून पुन्हा ढकलायचा. संदेशाच्या तळाशी असलेली चेंज-आयडीची ओळ तशीच राहिली, की जुन्याच बदलाची नवी आवृत्ती दिसते. अधिकार असलेल्या कुणाकडून अधिक दोन (+2, म्हणजे मंजुरी) मिळाले की बदल स्टेज करायचा, म्हणजे तपासणीच्या रांगेत लावायचा; मग तो इतरांच्या बदलांसोबत वेगवेगळ्या प्लॅटफॉर्मवर तपासला जातो. त्या घोळक्यातला एक नापास झाला तर सगळे परत. एकाकडे तिकीट नाही म्हणून अख्खी एसटी रिकामी करावी, तसं! चिडू नका, पुन्हा स्टेज करायचं.

क्यूटला करारही मान्य करावा लागतो. कॉपीराइट तुमचाच राहतो, पण तो कोड व्यावसायिक परवान्याखाली द्यायचा हक्क क्यूट कंपनीला मिळतो. नोकरीत असाल तर आधी कंपनीला विचारा. जीटीकेत असा करार नाही. कोड एलजीपीएल या मुक्त परवान्याखाली जातो, विषय संपला.

माझं मत विचाराल तर हौसेने, शनिवार-रविवारी करणाऱ्याने जीटीके घ्यावं. रोजचं कामच सी++ आणि क्यूटमध्ये असेल तर गेरिटचा त्रास सोसावा. एकच कमिट घासूनपुसून नीट करायची सवय पुढे सगळीकडे कामी येते.

आणि तुम्ही मराठीतल्या बगमुळे इथवर आला असाल, समजा "सुऱ्या"तला ऱ्य तुटून दिसतोय, तर थांबा. अक्षरजुळणी दोघंही हार्फबझ या वेगळ्या लायब्ररीकडून करून घेतात. जीटीकेच्या बाबतीत मध्ये पँगो ही मजकूर मांडणारी लायब्ररी असते. तोच शब्द, तोच फाँट घेऊन दोन्हीकडे तपासा. फक्त जीटीकेत तुटला तर आधी पँगोचे इश्यू बघा, तेही ग्नोमच्या गिटलॅबवरच आहे. दोन्हीकडे तुटला तर फाँट बदलून पाहा. तरीही तसाच राहिला तर मोर्चा हार्फबझकडे वळवा. तिथे गिटहबची नेहमीची पुल रिक्वेस्ट चालते.