शून्यापासून जर्मन: जेएनयू, पुणे की थेट जर्मनी?

बारावी झाली, जर्मनचं एक अक्षर येत नाही, आणि तरी पदवीला जर्मनच घ्यायची आहे, तीही भाषाविज्ञानासकट. अशा मुलामुलींना घरातून आणि क्लासमधून एकच सल्ला मिळतो: "आधी बी२ कर, मग बघू." (परकीय भाषेच्या ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ अशा सहा चढत्या पातळ्यांपैकी बी२ ही चौथी.) नोकरी हेच ध्येय असेल तर सल्ला योग्य आहे. विद्यापीठात भाषेचा अभ्यास करायचा असेल तर मात्र तो फार अपुरा आहे. बी२ची परीक्षा तुम्हाला भाषा किती वापरता येते ते मोजते. ती भाषा अशी का झाली, तिची वाक्यं कशी बांधली जातात, हे त्या परीक्षेत कुणी विचारत नाही.

थेट जर्मनीची वाट आधी बाजूला ठेवू, कारण नवशिक्यासाठी ती सुरुवातच नाही. तिथल्या विद्यापीठांत 'गेर्मानिस्टिक', म्हणजे जर्मन भाषा-साहित्याचा अभ्यास, जर्मनमधूनच शिकवतात. प्रवेशाला साधारणपणे टेस्टडाफ या जर्मनच्या परीक्षेच्या चारही भागांत चौथी श्रेणी किंवा डीएसएच या दुसऱ्या परीक्षेत दुसरी पातळी (डीएसएच-२) लागते, म्हणजे सी१च्या आसपासची तयारी. जर्मन शिकवणाऱ्या ग्योथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजाप्रमाणे सी१पर्यंत पोचायला ४५ मिनिटांच्या ८०० ते १००० तासिका लागतात. त्यातून नुसत्या बारावीवर आपल्याकडच्या मुलांना तिथे बहुधा सरळ प्रवेश मिळत नाही, आणि २०२२च्या नोव्हेंबरपासून व्हिसासाठी एपीएसचं, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाचं, प्रमाणपत्रही लागतं. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही हे खरं. पण बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७पासून दर सत्राला १५०० युरो भरावे लागतात. शिवाय व्हिसासाठी बँकेत अडकवून ठेवायची रक्कम २०२४च्या सप्टेंबरपासून वर्षाला ११,९०४ युरो झाली आहे. एमएसाठी जर्मनी उत्तम. लाइपझिगची हेर्डर संस्था तर परकीयांना जर्मन शिकवण्याच्या शास्त्रासाठीच ओळखली जाते. पण ते पुढचं पाऊल झालं.

मग राहतात दोन वाटा, आणि खरी निवड त्यांच्यातच आहे.

पहिली वाट म्हणजे शून्यापासून सुरू होणारी बीए ऑनर्स. दिल्लीचं जेएनयू आणि हैदराबादचं ईफ्लू, म्हणजे इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठ, ही त्यातली ठळक नावं. जेएनयूत प्रवेश २०२२पासून सीयूईटी या सामाईक प्रवेशपरीक्षेमार्फत होतो आणि जर्मन आधी आलेली असण्याची अट नाही. याचा मोठा फायदा असा की अभ्यासक्रमच नवशिक्याला धरून आखलेला असतो. भाषा हाच मुख्य विषय, त्यामुळे रोजचा दिवस तिच्यातच जातो. संध्याकाळी दोन तास क्लास करून हा वेग येत नाही. पहिली दीड-दोन वर्षं व्याकरण, वाचन, लेखन, संभाषण यांतच जातात, आणि ती तशी जाऊ द्यावीच लागतात. पाया नसताना मूळ जर्मन लेख समोर आला तर विद्यार्थी आशयापेक्षा शब्दकोशातच अडकतो.

इथे एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. आपल्याकडच्या जर्मन विभागांचा ओढा साहित्य, संस्कृती आणि अनुवाद यांकडे अधिक आहे. भाषाविज्ञान असतं, पण थोडं आणि उशिरा. जेएनयूत ही उणीव काहीशी भरून निघते, कारण भाषांच्या त्याच स्कूलमध्ये भाषाविज्ञानाचं स्वतंत्र केंद्र आहे. एमएला तिकडे वळायची इच्छा असेल तर तिथली माणसं, व्याख्यानं, ग्रंथालय तोवर ओळखीचं झालेलं असतं. घरापासून लांब राहण्याची तयारी मात्र हवी, आणि पदवीला एकाच भाषेवर सगळा भार टाकण्याचं धाडसही.

दुसरी वाट पुण्याची. पदवी दुसऱ्या विषयात करायची आणि जर्मन तिच्या जोडीने शिकायची. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. तिथे प्रमाणपत्र, पदविका, उच्च पदविका अशा अर्धवेळ पायऱ्या आहेत आणि पुढे जर्मनमध्ये एमएही आहे. बोट क्लब रस्त्यावर मॅक्स म्युलर भवन, म्हणजे ग्योथे इन्स्टिट्यूटचीच इथली शाखा, आहे, जिथे ए१पासून वर चढत जाता येतं. मुंबईकरांना हेच कलिना (मुंबई विद्यापीठ) आणि काळा घोडा (मॅक्स म्युलर भवन) इथे मिळतं.

या वाटेला लोक दुय्यम समजतात. मला ते अजिबात पटत नाही. भाषाविज्ञान हीच खरी ओढ असेल तर पुण्याकडे फार मोठी गोष्ट आहे: येरवड्याचं डेक्कन कॉलेज. अशोक केळकरांसारखे भाषावैज्ञानिक तिथे शिकवत आणि संस्कृतच्या महाकोशाचं काम तिथेच चालतं. पदवीला संस्कृत, मराठी किंवा इंग्रजी, जोडीला रानडेत जर्मन, आणि मग डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाचं एमए, ही आखणी मला भक्कम वाटते.

संस्कृतचं नाव उगाच घेतलेलं नाही. जर्मन अभ्यासक फ्रान्झ बोप यांनी १८१६ साली संस्कृत क्रियापदांची ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मानिक भाषांशी तुलना मांडली, आणि तौलनिक भाषाविज्ञानाला त्यातून जोर मिळाला. याकोब ग्रिम यांनी १८२२मध्ये जर्मानिक व्यंजनं मूळ भाषेपासून कशी ठरावीक नियमाने सरकली ते दाखवलं. संस्कृत 'पितृ' आणि जर्मन 'फाटर', 'पाद' आणि 'फूस' या जोड्या शेजारी ठेवल्या की 'प'चा 'फ' होणं डोळ्यांना दिसतं. संस्कृत येणाऱ्या मुलीला जर्मनच्या इतिहासाचा हा पेपर सुरुवातीपासूनच आपला वाटतो.

नुसती मराठी येत असली तरी फायदा आहेच. तीन लिंगं आपल्याला नवी नाहीत, जरी कुठल्या नामाला कुठलं ते पाठच करावं लागतं. 'मी घरी गेलो कारण मला बरं वाटत नव्हतं' यात दोन्ही क्रियापदं शेवटी येतात. जर्मनमध्ये मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी बसतं आणि 'कारण'ने सुरू होणाऱ्या गौणवाक्यात ते शेवटी जातं. ते शेवटी जाणं आपल्या कानाला पटकन रुजतं, दुसऱ्या जागेला सराव लागतो. उलट 'तिने आंबा खाल्ला', 'तिने पोळी खाल्ली' इथे आपलं क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं. जर्मन क्रियापद मात्र कर्त्याचीच बाजू धरतं. उच्चारात शेवटचा 'ड' कठोर होऊन 'ट' होतो, म्हणून चाक (Rad) आणि सल्ला (Rat) यांचे शब्द वेगळे लिहूनही एकसारखेच ऐकू येतात. अशा गोष्टींवर तुमचं मन आपोआप थांबत असेल, तर भाषाविज्ञान तुमचंच आहे.

पुण्याच्या वाटेची अडचण शिस्तीची आहे. प्रमाणपत्राच्या वर्गात तुमच्या शेजारी अभियंते, परिचारिका, आयटीतली माणसं असतात आणि त्यांना भाषा कामापुरती हवी असते. वर्गाचा सूर त्यांच्या गरजेचा राहतो. कॉलेजची परीक्षा जवळ आली की जर्मनचा तास आधी बुडतो आणि पदविकेपर्यंत पोचायच्या आत पुष्कळांची साखळी तुटते. शिवाय 'पदवी जर्मनमध्ये' असं गुणपत्रिकेवर येत नाही. पुढे जर्मनीत गेर्मानिस्टिकच्या एमएला अर्ज करताना याचा त्रास होऊ शकतो, कारण तिथे आधीच्या पदवीत विषयाचा किती अभ्यास झाला हे तपासतात. अकरावी-बारावीत गुणांसाठी जर्मन घेतलेली मुलंही वर्गात भेटतील. त्यांची आघाडी काही महिन्यांपुरती असते, घाबरू नका.

नोकरीचं थोडक्यात सांगायचं तर दोन्ही वाटा सारख्याच. चाकण परिसरात फोक्सवागन, मर्सिडीज-बेंझसारखे कारखाने आहेत. अनुवाद, शिकवणी, भाषेवर आधारित कार्यालयीन कामं मिळतात. तिथे पातळी विचारतात, विद्यापीठाचं नाव क्वचित.

माझं मत स्पष्ट आहे. जर्मन साहित्य, संस्कृती, अनुवाद यांत बुडून जायचं असेल आणि घराबाहेर राहणं शक्य असेल, तर जेएनयू किंवा ईफ्लू. भाषा कशी चालते हे कुतूहल जर्मनपेक्षाही मोठं असेल, तर पुणे, आणि पदवीला शक्यतो संस्कृत. दोन्हींपैकी काय खरं ते अजून कळत नसेल, तर एक करा. जेएनयूच्या बीए जर्मनच्या शेवटच्या वर्षाच्या आणि डेक्कन कॉलेजच्या भाषाविज्ञान एमएच्या विषयांची यादी शेजारी ठेवा. ज्या यादीतले विषय वाचून आत्ताच ग्रंथालयात जावंसं वाटेल, तिथला अर्ज आधी भरा. पुण्याची वाट धरणार असाल तर रानडेच्या प्रमाणपत्राची प्रवेशाची तारीख कॉलेजच्या प्रवेशाबरोबरच वहीत लिहून ठेवा, कारण ती चुकली तर अख्खं वर्ष हातचं जातं.